गिटार घडवण्याआधी दुरुस्त करून बघूया

गिटार घडवायला शिकायचं म्हणजे लाकूड आणायचं आणि कापायला घ्यायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. पण आम्ही खरं शिकलो ते स्वतःच बिघडवलेल्या एका गिटारवर.

झालं असं, की पावसाळ्यात आमच्या स्टील तारांच्या गिटारच्या तारा फार वर आल्या. दाबताना बोटं दुखायची. ब्रिजवर एक पांढरी हाडाची पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. ती काढली आणि पॉलिश पेपरवर घासली. तारा खाली आल्या, आम्ही खूश! पण हवा कोरडी झाली तशा तारा फ्रेटला लागून खरखरू लागल्या. दमट हवेत फुगलेलं लाकूड पुन्हा खाली बसलं होतं. घासलेलं हाड मात्र परत येत नाही.

म्हणून पहिला नियम: आधी मोजायचं, मग जे उलटं फिरवता येतं ते करायचं. घासणं, कापणं सगळ्यांत शेवटी.

मोजायचं कसं? सहा स्टील तारा सुरात लावल्या की एकूण ताण साधारण 70 किलो वजनाइतका होतो. त्यानं नेक पुढे वाकते. एक तार पहिल्या फ्रेटला आणि नेक जिथे पेटीला मिळते तिथल्या फ्रेटला दाबून धरा. मधे, सातव्या फ्रेटजवळ, साधारण पाव मिलिमीटर फट दिसायला हवी. जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा. जोर लावावा लागला तर थांबायचं. नायलॉन तारांच्या गिटारला बहुतेक वेळा हा रॉड नसतो.

ट्रस रॉड बाक सुधारतो. तारांची उंची ठरते ती मुख्यतः सॅडलवर. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे तार 1 मिलिमीटर खाली हवी असेल तर सॅडल 2 मिलिमीटर कमी करावं लागतं. आता आम्ही जुनं सॅडल तसंच ठेवतो आणि नवं घडवतो: पावसाळ्याला एक, कोरड्या हवेला दुसरं.

बघा, इथेच दुरुस्तीतून घडण सुरू झाली. आता फ्रेटची जागा काढूया. तारेची लांबी 650 मिलिमीटर धरा, तिला 17.817 नं भागा. पहिला फ्रेट नटपासून 36.48 मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तसंच भागलं की दुसरा. असं करत बारावा बरोबर 325 वर येतो, म्हणजे निम्म्यावर, आणि तिथे वरचा सा मिळतो. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट मात्र खाचेत ठोकलेले असतात. खाच चुकली की गिटार कायमची बेसूर.

मिरजेच्या शिकलगारांचं घराणं हत्यारांना धार लावणारं. तेही 19व्या शतकात आधी वाद्यं दुरुस्त करू लागले आणि मग सतार-तानपुरे घडवू लागले. आपणही त्याच वाटेनं जाऊया. घरात पडून असलेली एखादी जुनी गिटार घ्या, मोजा, तिला एक नवं सॅडल बसवा. ती सुरात वाजली, की मग लाकूड आणायला जाऊ.