सेकंदाला सहा स्फोट झेलणारी भिंत

पन्हाळ्याच्या अंबरखान्यातली गंगा कोठी सुमारे 35 फूट उंच आहे. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’चा जो गोल कक्ष आहे, त्याची उंची जवळपास तेवढीच, 33 फूट. 10 सेंटीमीटर जाड ॲल्युमिनियमची भिंत, तिच्यावर बोरॉन मिसळलेल्या काँक्रीटचा थर. 1999च्या जूनमध्ये अवाढव्य क्रेनने उचलून हा धातूचा गोल जागेवर बसवला. त्याच्या मध्यावर सेंटीमीटरभर लांबीची सोन्याची नळी टांगतात आणि 192 लेसर झोत तिच्यावर एकवटतात. नळीच्या आत 2 मिलिमीटरची कुपी, कुपीत हायड्रोजनची गोठवलेली जड रूपं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम.

5 डिसेंबर 2022 रोजी इथे लेसरने 2.05 मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि अणुकेंद्रांच्या संमीलनातून 3.15 मेगाज्यूल बाहेर पडली. जगभर आनंद झाला, आणि तो रास्तच होता. लेसर चालवायला वीजपुरवठ्यातले सुमारे 300 मेगाज्यूल खर्ची पडले, हेही त्याच वेळी सांगितलं गेलं. कक्षाबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही.

3.15 मेगाज्यूल म्हणजे पाऊण किलो टीएनटी. दिवसाकाठी मोजके प्रयोग, मधे कित्येक तासांची विश्रांती. एवढं हा गोल सहज सोसतो. वीजकेंद्राचा हिशेब वेगळा आहे. लिव्हरमोरच्याच ‘हायलाइफ-2’ आराखड्यात प्रत्येक स्फोट 350 मेगाज्यूलचा, म्हणजे 80 किलोंहून जास्त टीएनटीचा, आणि असे स्फोट सेकंदाला सहा. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

अशा माऱ्यापुढे पोलाद का हरतं? ड्युटेरियम-ट्रिटियमच्या संमीलनातली 80 टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन निघतो. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकाने त्याला वळवता येत नाही. तो सरळ धातूत घुसतो, अणूंना जागेवरून हुसकतो, आत हेलियम तयार करतो. पोलाद फुगतं आणि ठिसूळ होतं. उरलेली ऊर्जा क्ष-किरणांतून आणि कुपीच्या तप्त अवशेषांतून भिंतीच्या पृष्ठभागावर आदळते आणि दर वेळी त्याचा पापुद्रा उडवते.

यावर आराखडे पुष्कळ झाले. ‘सोम्ब्रेरो’त 6.5 मीटर त्रिज्येची कार्बनची भिंत आहे आणि कक्षात झेनॉन वायू भरलेला आहे; तो क्ष-किरण शोषतो आणि ती ऊर्जा भिंतीला सावकाश देतो. ‘हायबॉल’मध्ये सच्छिद्र नळ्यांतून शिसं आणि लिथियमचा द्रव पाझरत राहतो.

सर्वांत देखणी कल्पना मात्र हायलाइफचीच. तिथे स्फोटासमोर घन भिंत येतच नाही. फ्लोरिन, लिथियम आणि बेरिलियमचा वितळलेला क्षार, ज्याला ‘फ्लाइब’ म्हणतात, जाड धारांनी खाली सोडतात. धारा पुढेमागे हलत राहतात आणि त्यांच्यामधे पोकळी तयार होते. स्फोट त्या पोकळीत घडतो. क्षाराचा अर्धा मीटर जाड थर न्यूट्रॉनचा जोर मोडतो, मागच्या पोलादाला तीस वर्षं टिकवायचा बेत त्यावरच उभा आहे. उष्णताही हाच क्षार वाहून नेतो. शिवाय त्यातल्या लिथियमवर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम मिळतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, निसर्गात ते जवळजवळ नाहीच. म्हणून केंद्राने आपलं इंधन आपणच तयार करायला हवं. भिंत, उष्णतावाहक आणि इंधनाची खाण, असं तिहेरी काम एकाच द्रवावर सोपवणं हे अभियांत्रिकीतलं मोठं शहाणपण आहे.

अडचणी धारांच्या आत आहेत. न्यूट्रॉन द्रवात खोलवर एकाच क्षणी ऊर्जा सोडतात, द्रव एकदम फुगतो आणि धार फुटते. एका सेकंदाच्या सहाव्या भागात वाफ निवायला हवी, थेंब बाजूला व्हायला हवेत, पोकळी पुन्हा उभी राहायला हवी, नाहीतर पुढची कुपी आत येणारच नाही. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर सोडलेली धार तेवढ्या वेळात जेमतेम 14 सेंटीमीटर उतरते. म्हणजे पंपाचा जोर लागणारच.

संमीलनाचं आपल्याकडचं स्वप्नही जुनं आहे. 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी ही ऊर्जा दोन दशकांत ताब्यात येईल असं भाकीत केलं होतं. पुढे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे पहिले संचालक दिलीप भवाळकर यांनी देशात लेसरचं शास्त्र रुजवलं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतितीव्र लेसर पदार्थावर पडला की काय घडतं, याचा अभ्यास चालतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत शिसं-लिथियमच्या द्रवावर काम झालं आहे, पण ते चुंबकीय संमीलनासाठी.

धारांचा प्रश्न हाती घ्यायला मात्र राक्षसी लेसर लागत नाही. बर्कलीच्या विद्यापीठात त्यांचे प्रयोग साध्या पाण्यावर झाले. पाण्याचं वागणं क्षाराशी ताडून पाहायचं, तोट्यांचे आकार बदलायचे, धार कुठे फाटते ते द्रुतगती कॅमेऱ्याने टिपायचं. असं काम कोल्हापुरातही उभं राहू शकतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत धातू ओतणारे आणि यंत्रावर मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणारे कारागीर आहेत; अभियांत्रिकी महाविद्यालयांत द्रवगतीच्या प्रयोगशाळा आहेत. डेन्व्हरची एक्सिमर ही कंपनी आज पुन्हा हायलाइफच्याच वाटेने, क्षाराच्या भिंतीचा कक्ष आखते आहे. तिलाही उत्तर हवं आहे ते याच प्रश्नाचं: धार फुटल्यावर पोकळी किती लवकर मोकळी होते?