आकाशातून शिवारात उतरणारं विज्ञान

थंडी पडू लागली की तेलंगणातल्या आणि लगतच्या महाराष्ट्र-कर्नाटकातल्या गावांसाठी एक जाहीर सूचना निघते. मोठ्या रंगीत पॅराशूटला दोरांनी लटकलेली शास्त्रीय उपकरणं आकाशातून खाली येतील. त्यांना हात लावू नका, उघडू नका. त्यांवर लिहिलेल्या क्रमांकावर, जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा, बक्षीस मिळेल. ही सूचना देणारं हैदराबादचं बलून केंद्र १९६९ साली उभं राहिलं आणि ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं आहे.

फुग्यांशी या संस्थेचं नातं तिच्या जन्माइतकंच जुनं आहे. संस्थापक होमी भाभा यांचा विषयच अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा. हे किरण वातावरणात शिरताच हवेच्या अणूंवर आदळून बदलतात, त्यामुळे मूळ रूपात ते पाहायचे तर हवेच्या वर जायला हवं. रॉकेट वर पोहोचतं, पण तिथे थांबत नाही. उपग्रह थांबतो, पण महाग पडतो आणि बिघडला तर दुरुस्तीला परत आणता येत नाही. फुगा मात्र तीस-चाळीस किलोमीटरवर तासन् तास तरंगतो. तिथे ९९ टक्के वातावरण पायाखाली राहतं आणि जमिनीपर्यंत कधीच न पोहोचणारे क्ष-किरण व दूरचे अवरक्त किरण टिपता येतात. हैदराबादचा फायदा असा, की हे शहर भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथे पृथ्वीचं चुंबकत्व कमी ऊर्जेचे विश्वकिरण परतवून लावतं. क्ष-किरणांच्या निरीक्षणात त्यांचा गोंगाट त्यामुळे कमी होतो.

फुगे केंद्रातच तयार होतात. पॉलिथिनच्या लांबलचक पाकळ्या लांब टेबलांवर पसरून उष्णतेने एकमेकींना सांधल्या जातात. ही फिल्म भाजीच्या पिशवीपेक्षाही पातळ असते. तिची खरी परीक्षा उष्ण कटिबंधात होते, कारण इथल्या आकाशात सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास उतरतं. साधं प्लॅस्टिक तिथे कडक होऊन तडकतं. म्हणून ही थंडी सोसणारी फिल्म घडवणं हे इथल्या कामातलं मोठं आव्हान ठरलं.

उड्डाण रात्री दहा ते सकाळी सहाच्या दरम्यान होतं, कारण जमिनीलगतचा वारा तेव्हा पडलेला असतो. मैदानावर कापड अंथरून त्यावर फुगा लांबवर पसरतात. सगळा फुगा भरत नाहीत. रोलरखाली दाबून धरलेल्या वरच्या टोकातच हायड्रोजन सोडतात, बाकीचा फुगा रिकामाच राहतो. चाळीस किलोमीटरवर हवेचा दाब इतका कमी असतो, की हाच वायू तीनशेपटीच्या आसपास फुगून सगळी जागा व्यापतो. ठिणगीची भीती शेवटपर्यंत असते, म्हणून हालचाल मोजकी ठेवावी लागते. मग रोलर सुटतो, भरलेलं टोक उसळी घेतं, मागची फिल्म सळसळत उचलली जाते, तिच्यामागे पॅराशूट ताणलं जातं आणि फुगा डोक्यावर आला की उपकरणांची पेटी सोडून देतात. क्षण चुकला तर पेटी जमिनीवर फरपटते आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

वर जाताना जादा वायू बुडाशी असलेल्या नळ्यांतून बाहेर पडतो. उंची टिकवायला लोखंडाचे बारीक छर्रे सोडतात, खाली आणायला माथ्याची झडप उघडतात. प्रयोग संपल्यावर सगळ्यात जोखमीचा निर्णय येतो, तो कुठे उतरवायचं याचा. गाव, तलाव, विजेच्या तारा टाळायच्या आणि पॅराशूट वाऱ्याने किती वाहील याचा हिशेब मांडायचा. मग संदेश जातो, जोड तुटतो आणि पेटी पॅराशूटसह सुटते. फाटलेला फुगा वेगळा खाली येतो. शोधपथकाच्या गाड्या त्याआधीच रस्त्याला लागलेल्या असतात.

ही परत आणण्याची हातोटी नसती, तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना आपला प्रश्न विचारताच आला नसता. इतक्या उंचीवर जीवसृष्टी आहे का? एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून फुग्याने ४५९ किलोची उपकरणं वर नेली. त्यांत आतून निर्जंतुक व निर्वात केलेली सोळा पोलादी नळकांडी होती, तीही उणे २४६ अंशांच्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली. झडप उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाई आणि थंड भिंतींवर गोठे, त्यामुळे आणखी हवा आत येई. २० ते ४१ किलोमीटरवरची ही हवा घेऊन नळकांडी पॅराशूटने उतरली आणि नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांत तपासले गेले. जिवाणूंच्या बारा वसाहती मिळाल्या, त्यांत तीन प्रजाती नव्या निघाल्या. त्यांतल्या एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकीला आर्यभटाचं आणि एकीला इस्रोचं. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं त्यातून सिद्ध झालं नाही, पण प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आला.

या कामातला शेवटचा दुवा मात्र केंद्राच्या पगारपत्रकावर नसतो. उपकरणं हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर, विशाखापट्टणम ते सोलापूर या पट्ट्यात उतरू शकतात. लातूर, नांदेड, सोलापूरच्या शिवारात पहाटे कामाला गेलेल्या माणसासमोर अचानक अशी पेटी येऊ शकते. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या एका गावाजवळ अवकाश पर्यटनाच्या चाचणीचं मोठं कॅप्सूल उतरलं, तेव्हा आसपासचा गाव लोटला होता. उत्सुकतेपोटी कुणी झाकण उघडलं, तार ओढली, तर वर्षांचं काम तिथेच संपतं. म्हणजे अशा प्रत्येक प्रयोगाची अखेर एका अनोळखी माणसाच्या समंजसपणावर अवलंबून असते.

बक्षिसाची सूचना त्यासाठी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. नारळीकरांनी आयुष्यभर मराठीतून विज्ञान सांगितलं, कारण ते समजून घेण्याचा सामान्य माणसाचा हक्क त्यांना मान्य होता. या पट्ट्यातल्या शाळांत फुग्याची गोष्ट मुलांच्या भाषेत पोहोचायला हवी. पेटी सांभाळून परत देणाऱ्या गावाला तिच्यातून पुढे काय कळलं, हे कळवणं हाही प्रयोगाचाच भाग मानला पाहिजे.