छत्री घरची, महिन्याचे देणे नाही

आमच्या कारंजा (घाडगे) गावात टिनांवरून, कौलांवरून नजर फिरवली की दोन तऱ्हेच्या छत्र्या दिसतात. एक रिचार्जवाली, दुसरी फुकटवाली. मजुरीच्या घरात रिचार्जवाली छत्री पुष्कळदा नुसती शोभेला असते. संत्र्याचा तोडा संपला, हाताचे काम गेले, की पडदा काळा!

आमच्या घरीही तेच झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवे दर आले. पैशाची एकही वाहिनी न घेता, कर धरून महिन्याला सुमारे १५३ रुपये, आणि हव्या त्या वाहिनीचे पैसे वर वेगळे. आम्ही चुलीपाशी बसून हिशेब केला आणि दूरदर्शनची डीडी फ्री डिश लावून घेतली. छत्री, डबा, वायर यांचा खर्च एकदाच.

ही सेवा काही कालची नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुरू झाली. तेव्हा नाव होते डीडी डायरेक्ट प्लस, आणि वाहिन्या होत्या ३३. आपल्याला फुकट मिळते म्हणजे कोणीच पैसे भरत नाही, असे मात्र नव्हे. खाजगी वाहिन्या लिलावात बोली लावून प्रसार भारतीकडून जागा घेतात आणि जाहिरातीतून ते पैसे काढतात. म्हणून त्या पाहुण्यासारख्या येतात-जातात. मार्च २०१९ मध्ये स्टार, झी, सोनी यांच्या हिंदी वाहिन्या निघून गेल्या, २०२० मध्ये परतल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. एखादी वाहिनी दिसेनाशी झाली तर घाबरू नये. रिमोट घेऊन पुन्हा शोध लावावा, कधी जागा बदललेली असते.

छत्री लावताना एक ध्यानात ठेवावे. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेच्या बाजूला, आकाशात बराच वर येतो. त्या दिशेला निंबाचे झाड आडवे आले की चित्र फुटलेच. जोराच्या पावसातही फुटते, त्यासाठी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नयेत. पाऊस ओसरला की आपोआप येते. आणखी एक. फ्री डिशला महिन्याचे वा वर्षाचे शुल्क नाही. आमच्याकडून एका गड्याने "वर्षाचे कार्ड" म्हणून तीनशे रुपये नेले. असे कार्ड नसतेच, हे आम्हाला मागाहून कळले. माताभगिनींनो, दुपारी घरी एकट्या असताना असा कोणी आला तर सरळ वाटेला लावा.

पण फुकटाची एक खंत आहेच. १८ मे २०१९ पासून स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. ती वाहिनी पैशाची, फ्री डिशवर नव्हती. आमची आजी भाकरी थापून लवकर मोकळी व्हायची आणि चार घरे ओलांडून रिचार्जवाल्यांकडे जाऊन बसायची. तिथे रिचार्ज संपला की परत यायची. एका रात्री येऊन म्हणाली, "बाबासायबाले पैशाच्या डब्यात काऊन टाकलं रे?" आम्ही काय सांगणार?

पुढे टाळेबंदी आली. शाळा बंद, घरात एकच मोबाईल, तोही साधा. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' लागू लागली. इयत्तेनुसार वेळ ठरलेली. आमची चौथीतली पोरगी वही घेऊन टीव्हीपुढे बसायची, शेजारची दोन लेकरेही यायची. नेटपॅक मारायला पैसे नसलेल्या घरात त्या वर्षी मास्तर आला तो या छत्रीतून. आजी दाराशी बसून ऐकायची, आणि पोरीने उत्तर दिले की आधी तीच हसायची.

त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी करू नका, घरूनच अभिवादन करा, असे आवाहन झाले होते. आजीला मुंबईला जायचेच होते, ते राहिले. सकाळी सह्याद्रीवर चैत्यभूमीचे थेट प्रक्षेपण लागले. आजीने पांढरे लुगडे नेसले, टीव्हीपुढे मेणबत्ती लावली आणि पोरीला म्हणाली, "आवाज वाढव." त्या दिवशी तिला कोणाच्या घरी जावे लागले नाही.