निदानाआधी उपचार नको

“मामा, गेम सुरू केला की वीस मिनिटांत कम्प्युटर आपोआप बंद पडतो,” अकोल्याहून भाच्याचा फोन आला. ओपीडीत गर्दी होती. “व्हायरस असेल, फॉर्मॅट कर,” असे सांगून मी मोकळा झालो. त्याने ते केले. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे दोन महिन्यांचे काम पुसले गेले आणि कम्प्युटर पूर्वीसारखाच बंद पडत राहिला. मग दुकानदार म्हणाला, ग्राफिक्स कार्ड बदला. त्यासाठी तीस हजार रुपये मोजण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा मी जागा झालो. ‘आधी रुग्णाची हकीकत ऐका’ असे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे बजावणाऱ्या मी एकही प्रश्न न विचारता औषध लिहून दिले होते.

टायपिंग करताना, सिनेमा पाहताना हाच कम्प्युटर ठणठणीत असे. त्यात नवल नाही. बसलेल्या माणसाचा ईसीजी चांगला येतो आणि जिना चढताना छातीत दुखते, म्हणून तर आपण ट्रेडमिलवर चालवून तपासणी करतो. भारी ग्राफिक्सचा गेम ही कम्प्युटरची ट्रेडमिल. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालतात. मोठे ग्राफिक्स कार्ड एकटेच 300 वॅटहून अधिक वीज घेते आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते.

पहिला प्रश्न: नेमके काय बंद पडते? फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल, तर गेमच्या फाइल, ड्रायव्हर किंवा रॅम तपासावी. रॅमच्या तपासणीची सोय विंडोजमध्येच असते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल, तर संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याला पुन्हा सुरू करते. निळा पडदा आला, तर त्यावरचा कोड मोबाइलवर टिपून ठेवावा. आणि दिवा गेल्यासारखा सगळा कम्प्युटरच बंद होत असेल, तर आधी उष्णता आणि वीजपुरवठा पाहावा.

दुसरा प्रश्न: कधी? गेममध्ये मोठे दृश्य येताच क्षणात बंद होत असेल, तर पॉवर सप्लाय अपुरा असू शकतो. आपल्याकडे यूपीएसही पाहावा लागतो. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो. हळूहळू चित्र अडखळत जाऊन पंधरा-वीस मिनिटांनी बंद होत असेल, तर उष्णता. भाचा म्हणाला, “दुपारी लवकर बंद पडतो, रात्री जरा उशिरा.” निदान जवळजवळ झालेच होते.

तरीही मोजले. ग्राफिक्स कार्डाचे तापमान विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसते; प्रोसेसरसाठी मोफत सॉफ्टवेअर मिळते. गेम सुरू केल्यावर पंधराव्या मिनिटाला प्रोसेसर शंभर अंशांना टेकला. बहुतेक प्रोसेसर या सुमारास स्वतःचा वेग कमी करतात, तरीही तापत राहिले तर जळू नये म्हणून कम्प्युटर बंद होतो. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात होते आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा बसला होता. वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून, ब्लोअरने धूळ उडवली. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडला नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहू शकते. तो घरी कधीही उघडू नये. कॅबिनेट मोकळ्यावर ठेवले. खर्च शून्य. गेम तीन तास चालला.

दुखणे एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, असेही घडते. हृदयविकारात डावा हात दुखतो, तसे. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत आणि ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. लोकांचा संशय ग्राफिक्स कार्डावर जाई. दोष होता प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा. कंपनीने ऑगस्ट 2024मध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच बिघडलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरा होत नाही, तो बदलावाच लागतो. असा प्रोसेसर असेल, तर बायोस अद्ययावत करून घ्यावे.

त्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी मी तासभर बसलो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. भाचा तिथे चार-चार तास पाणी न पिता खेळत असे आणि डोके दुखते म्हणून गोळी घेत असे. प्रोसेसर तापला की स्वतः थांबतो. माणसाचे शरीरही तहान, डोकेदुखी, थकवा असे इशारे देते, पण खेळाच्या नादात ते ऐकू येत नाहीत. आता तो तासाला एकदा उठतो, पाणी पितो. डोकेदुखी थांबली आहे.

प्रकल्पाचे काम मात्र त्याला रात्री जागून पुन्हा करावे लागले, ते माझ्यामुळे. फॉर्मॅट हा शेवटचा उपाय, आणि तोही सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवल्यावरच. हल्ली असा फोन आला, की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: नेमके काय होते, आणि कधी होते?