वाळूचा भाव आणि पाण्याचे मोल

उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातील वाळूत हात-दोन हात खड्डा खणावा आणि त्यात झिरपलेले पाणी वाटीवाटीने घागरीत भरावे, ही रीत महाराष्ट्रातील अनेक खेड्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. झिऱ्याचे पाणी उघड्या डोहातील पाण्याहून नितळ असते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही. नळयोजना आल्या आणि हे शहाणपण दारिद्र्याची खूण म्हणून मागे पडले. मात्र त्याच तत्त्वावर युरोपातील काही मोठी शहरे दीडशे वर्षे तहान भागवीत आली आहेत. आणि ज्या वाळूवर ते तत्त्व उभे आहे, ती आपण ब्रासच्या भावाने विकत आहोत.

हे तत्त्व साधे आहे. नदीकाठच्या वाळूच्या थरात विहीर घेऊन सतत उपसा केला की तिची पातळी नदीहून खाली जाते आणि नदीचे पाणी वाळूतून विहिरीकडे सरकू लागते. या संथ प्रवासात गाळ अडतो, बहुतेक रोगजंतू वाळूत अडकून नाश पावतात आणि बराचसा सेंद्रिय मळ तेथील सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहर १८७० पासून ऱ्हाईनकाठच्या अशा विहिरींवर विसंबून आहे. बुडापेस्टचे जवळजवळ सर्व पिण्याचे पाणी डॅन्यूबच्या काठावरील व बेटांवरील विहिरींतून येते.

परदेशाचेच दाखले कशाला? हरिद्वारला गंगेच्या व कालव्याच्या काठी सुमारे १० मीटर व्यासाच्या आणि ७ ते १० मीटर खोलीच्या २२ विहिरी आहेत. शहराच्या पाण्याचा मोठा भाग त्या पुरवितात. पावसाळ्यात गंगा गढूळ होते, कुंभपर्वात लक्षावधी लोक तिच्यात स्नान करतात; तरीही विहिरीच्या पाण्याला जंतुनाशकाची मात्रा देणे सामान्यतः पुरेसे ठरते. तुरटी, निवळण टाक्या, गाळण्या यांवरील खर्चाचे काम तेथे निसर्गच करून देतो.

तथापि वाळूला सर्वशक्तिमान मानणे चूक ठरेल. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझलजवळ रसायनांच्या एका कोठाराला आग लागली आणि विझविण्यासाठी मारलेले पाणी विषारी द्रव्यांसह ऱ्हाईनमध्ये गेले. तेव्हा काठावरील जलकेंद्रांना विहिरींचा उपसा काही दिवस थांबवावा लागला. क्षार आणि कित्येक रसायने वाळूतून तशीच पार होतात. नदीत सांडपाणी सोडत राहायचे आणि वाळूने ते पावन करावे अशी अपेक्षा धरायची, हा व्यवहार फार काळ चालणार नाही.

म्हणूनच विहीर नेमकी कोठे घ्यावी हा प्रश्न कळीचा ठरतो. ती नदीला फार खेटून असेल तर पाणी पुरते गाळले जात नाही; फार दूर असेल तर नदीचे पाणी कमी येते आणि गावाकडच्या बाजूचे, कदाचित अधिक दूषित, भूजल ओढले जाते. याचे उत्तर भूजल-प्रतिमान देऊ शकते. पाणी वाळूतून कोणत्या नियमाने वाहते हे आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये, दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना, मांडून ठेवले. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये ‘मॉडफ्लो’ हे संगणकीय प्रतिमान खुले केले, त्याच्याही मुळाशी हाच नियम आहे. पाण्याला विहिरीपर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. जर्मनीत ५० दिवसांच्या प्रवासाच्या आतील पट्टा कडक निर्बंधाखाली ठेवतात. आपल्याकडे १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. अंतर टेपने मोजता येते, ही त्याची सोय. परंतु पाणी काही वर्तुळ आखून वाहत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे निराळे सांगावे लागत नाही की, कोणतेही प्रतिमान त्यात घातलेल्या आकड्यांइतकेच खरे असते. वाळूच्या थराची जाडी, विहिरींची ऋतुवार पातळी आणि उपसा यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. हा खर्च थोडा असतो; पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो टळतो.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा. तापी-पूर्णेच्या खोऱ्यांसारखा जाड गाळाचा प्रदेश थोडा. अन्यत्र वाळू आहे ती नदीच्या अरुंद पट्ट्यांत. जी वस्तू दुर्मीळ तिचे मोल अधिक, हा साधा नियम येथे उलटा झाला आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २,८०० लिटर आकारमान. त्यातले पाचव्या हिश्शाइतके पाणी उपसता येते असे धरले, तर साडेपाचशे लिटर पाणी साठवणारी आणि गाळणारी ही टाकी नदी वाहील तेव्हा पुन्हा भरते. ती ट्रकमध्ये एकदाच भरली जाते. स्वामित्वधन एका खात्यात जमा होते. आटलेल्या विहिरीचा आणि टँकरचा खर्च दुसऱ्या खात्यात पडतो. घागर घेऊन दूर जाणाऱ्या बाईचे श्रम कोणत्याच खात्यात पडत नाहीत.

घरे आणि पूल बांधायला वाळू लागते, या कामावर मजुरांची पोटे आहेत, हे नाकारता येणार नाही. परंतु बांधकामाला दगड भरडून केलेल्या वाळूचा पर्याय आहे; पाणी गाळणाऱ्या वाळूथराला तेवढा स्वस्त पर्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. तिच्या पुढचे पाऊल असे असावे: ज्या पट्ट्यालगत पिण्याच्या पाण्याचा उद्भव आहे, त्याचे भूजल-प्रतिमान लिलावापूर्वी तयार करून ग्रामसभेपुढे ठेवावे, आणि उद्भवाला पाणी देणारी वाळू जलयोजनेची मालमत्ता म्हणून नोंदवावी. पंप आणि जलवाहिनी यांची नोंद सरकारी दप्तरात असते. त्यांना पाणी देणाऱ्या वाळूचीही असली पाहिजे. नोंद नसलेली मालमत्ता विकली गेली, तर तिचा हिशेब विचारायला कोणालाही आधार उरत नाही.