टिप्याचे दहा दिवस

कुत्रा पाळण्याचा शौक मला कधीच नव्हता. लहानपणी ज्याने एक कुत्रा गमावला आहे, तो माणूस सहसा पुन्हा त्या वाटेला जात नाही. पण नातवापुढे आजोबांचे काय चालणार? पावसात कुडकुडणारे एक गावठी पिल्लू त्याने दप्तरातून घरी आणले. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून त्याचे नाव पडले टिप्या. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात तो महिन्याभरात असा काही रुळला, की जणू सातबाऱ्यावर नाव त्याचेच असावे!

तो चौदा-पंधरा महिन्यांचा झाला तेव्हाची, म्हणजे गेल्या वर्षीच्या श्रावणातली ही हकिगत. एरवी शाळेची रिक्षा कोपऱ्यावर वळली, की हे महाशय फाटकावर उभे राहून शेपटीने सारे अंग हलवायचे. एके दिवशी रिक्षा आली आणि टिप्या उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी दूधभाकरी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी तो माझ्या खाटेखाली जाऊन बसला आणि केर काढायला वाकलेल्या आमच्या सौभाग्यवतींवर चक्क गुरगुरला.

"अहो, याचं काहीतरी दुखतंय," ही म्हणाली.

"दुखतंय कसलं? वयात आलाय. माज चढलाय," मी म्हणालो, आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पाठीत एक हाणली. टिप्याने मान खाली घातली आणि तो आणखी आत सरकला. ती गुंडाळी आजही मला आठवते आणि मनाला टोचते.

गुरुवारी संध्याकाळी नातवाने त्याला खाटेखालून बाहेर ओढले, पोटाला मिठी मारली आणि टिप्याने त्याच्या हाताचा चावा घेतला. दोन दात रुतले. रक्त आले.

मग काय विचारता! अर्धी आळी अंगणात जमली. कुणी म्हणाले जखमेत तिखट भरा, कुणी म्हणाले चुना लावा. आमच्या हिने मात्र कुणाचे न ऐकता पोराला नळाखाली नेले आणि साबण लावून चांगली पंधरा मिनिटे जखम धुतली. तेवढ्यात कुणीतरी टिप्यापुढे पाण्याचे भांडे सरकवले. त्याने नुसते हुंगले आणि तोंड फिरवले.

"पाण्याला भितोय! पिसाळलाय हो, पिसाळलाय!"

हा शब्द ऐकला आणि माझ्या पायांतले बळच गेले. कारण तो मी पूर्वी ऐकला होता. साल १९६१. वाईजवळच्या आमच्या गावी माझा मोत्या असाच वर्षाच्या आतला होता. त्याचे डोळे आणि नाक वाहू लागले, खाणे सुटले, आणि काही दिवसांनी त्याचा जबडा आपोआप कटकट वाजू लागला. तोंडाला फेस येऊन झटके आले. गावाने निवाडा दिला, पिसाळला! चार जणांनी काठ्या उचलल्या. मला माजघरात कोंडले होते, पण आवाज यायचा तो आलाच. मी त्याच्या तोंडात हात घालून त्याला भाकरी भरवली होती, म्हणून मला रोज एक याप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने टोचली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस. कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली ती तयार केली होती. २००५ पर्यंत ती आपल्याकडून हद्दपार झाली, पण तिची आठवण माझ्या पिढीच्या पोटावर अजून आहे.

रात्री दवाखान्यातून परतल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, पोरापेक्षा कुत्रं मोठं नाही. उद्याच्या उद्या त्याचा निकाल लावू या."

तो चुकत होता असे मी म्हणणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा माणसात दिसू लागली, की त्यावर जवळजवळ इलाज नाही. जगात या रोगाने जे मरतात, त्यांतले सुमारे ३६ टक्के आपल्या देशात मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि खरी चूक तर माझीच होती. टिप्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस दिली होती. वर्षानंतरच्या लसीची तारीख मी 'बघू पुढच्या आठवड्यात' करत लांबवली होती.

"मला फक्त उद्याची सकाळ दे," एवढेच मी मुलाला म्हणालो.

शुक्रवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना घरी बोलावले. त्यांनी टिप्याच्या तोंडाला पट्टी बांधली आणि कुणी न केलेली गोष्ट केली. त्यांनी त्याला नीट पाहिले. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. अंगात १०४ डिग्री ताप होता. कानाच्या घडीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचिडी गच्च बसल्या होत्या. पोटाला हात लावताच तो कळवळला. ज्या पोटाला नातवाने मिठी मारली होती, तेच हे पोट.

"डॉक्टर, पण तो पाण्याला भितो," मी म्हणालो.

"काका, पाण्याची धास्ती रेबीज झालेल्या माणसाला बसते, कुत्र्याला नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याचा घसा आणि जबडा लुळा पडतो, म्हणून त्याला गिळवत नाही. हा पीत नाही तो तापामुळे असेल. तरी नुसतं बघून रेबीज नाही असं मी म्हणणार नाही. दहा दिवस याला वेगळं बांधा. चावला त्या वेळी लाळेत रेबीजचा विषाणू असता, तर कुत्रं दहा दिवसांच्या आत दगावतं. उगाच मारून टाकलंत, तर हे कळायची सोपी वाटच बंद होईल. मात्र मुलाची इंजेक्शनं एक दिवसही थांबवू नका."

ती आदल्या रात्रीच सुरू झाली होती. रक्त आले होते, म्हणून पहिल्या दिवशी जखमेभोवती प्रतिविषाचे औषध टोचले आणि दोन्ही दंडांवर लस दिली. पुढे तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा लस. पोटात एकही सुई नाही! आजच्या पोरांचे नशीब मोठे.

संध्याकाळी टिप्याच्या रक्ताचा अहवाल आला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कुत्र्याच्या रक्तात निदान दोन लाख तरी असाव्यात. त्याच्या होत्या ३२ हजार. गोचिडीच्या चाव्यातून 'एर्लिकिया' नावाचे सूक्ष्म जंतू रक्तात शिरतात आणि पांढऱ्या पेशींत घर करतात. ताप चढतो, पानथरी सुजते, सांधे ठणकतात, कधी नाकातून रक्त येते. बोलता येत नाही असा जीव मग दोनच गोष्टी करू शकतो. अंधारात लपायचे, आणि कुणी हात लावला तर दात दाखवायचे. आपण त्याला माज म्हणतो!

औषध होते डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल, अठ्ठावीस दिवस, रोज खाणे झाल्यावर. परसातल्या लाकडाच्या खोलीत टिप्याला ठेवले. आत जायचे फक्त मी, जाड हातमोजे घालून. ताटली काठीने सरकवायची, चार पावलांवर स्टूल टाकून बसायचे. पहिले दोन दिवस त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी ताटली चाटूनपुसून साफ! पाचव्या दिवशी अंधारातून शेपटीचा ठक्‌ ठक्‌ आवाज आला. मी तिथेच स्टुलावर बसून पोरासारखा रडलो, हे हिलासुद्धा मी अजून सांगितलेले नाही.

एक दिवस डॉक्टरांना मोत्याची गोष्ट सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खात्रीनं आता कुणीच सांगू शकणार नाही. पण आधी डोळे-नाक वाहणं आणि मग जबडा वाजून झटके येणं, हे पिल्लांच्या डिस्टेंपरचं चित्र आहे. तोही जीवघेणा रोग. लस वेळेवर दिली तर टळतो." साठ वर्षे मी मोत्याला पिसाळलेला समजत आलो होतो.

वाचकहो, तुमच्या घरी असा मुका जीव असेल, तर म्हाताऱ्याचे एवढे ऐका. तरणे कुत्रे एकाएकी खाणे सोडून कोपरा धरू लागले, चिडू लागले, तर त्याला मारू नका आणि मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. हिरड्यांचा रंग पाहायचा असेल, तर तो डॉक्टरांना पाहू द्या. आपल्या तापाच्या गोळ्या त्याला देऊ नका, त्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. गोचिडी अंगावरून गेल्या म्हणजे घरातून गेल्या असे नाही. पोट भरलेली मादी भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते, तेव्हा फटीही साफ करा. आणि चावलाच, तर साबण, पाणी आणि दवाखाना. यांत आळस नको, घरचा कुत्रा असला तरी नको.

दहाव्या दिवशी मुलगा स्वतः परसात आला. टिप्या उभा राहिला आणि त्याने अंग ताणून मोठी जांभई दिली. मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त खोलीचे दार उघडे ठेवले.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या महिन्यातल्या एका गुरुवारी दोन खुणा होत्या. नातवाची शेवटची सुई आणि टिप्याची शेवटची कॅप्सूल एकाच दिवशी आल्या. दोघांनाही त्या दिवशी पेढा हवा होता. नातवाला मिळाला. टिप्याला भाकरीवर भागवावे लागले, आणि त्याची त्याने काही तक्रार केली नाही. पुढच्या वर्षीच्या लसीची तारीख मात्र आता मी लिहीत नाही. ती नातू लिहितो, लाल पेन्सिलीने.