७२ च्या दुष्काळात लोक जेवले तरी काय? मिलो, कण्या आणि हुलग्याच्या माडग्याची गोष्ट

नगर, बीड, सोलापूरकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. बहात्तरला पाणी होतं, पण धान्य नव्हतं.

वाक्य थोडं सैल आहे, कारण तेव्हा पाण्याचेही हाल झालेच होते. पण मुद्दा खरा. १९७० नंतर पाऊस सलग दगा देत गेला आणि १९७२ मध्ये त्याचा कळस झाला. खरीप गेला, रब्बीही गेली. पेव रिकामे, कणग्या रिकाम्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी पाझर तलावाची माती वाहत होतं. हातात मजुरी यायची, पण बाजारात ज्वारी मिळेल याची खात्री नसायची.

अशा वेळी रेशन दुकानात आली मिलो.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात आणि ही गोष्ट गावागावात पोचायला वेळ लागला नाही. शाळू खाऊन वाढलेल्या माणसांना तिची तुरट चव नकोशी व्हायची. त्यात भाकरी थापताना कडा फुटायच्या. तव्यावरून उतरलेली भाकरी तासाभरात वाळून कडक व्हायची.

असं का व्हायचं, तर ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. पीठ धरून ठेवायला जो चिकटपणा लागतो त्याला बायका 'विरी' म्हणतात. चांगल्या ताज्या ज्वारीला विरी असते, जुन्या किंवा निकस धान्याची ती जाते. यावर उपाय म्हणजे आधण. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी खळाखळा उकळायचं, त्यात थोडं पीठ टाकून उकड काढायची आणि उरलेलं पीठ त्या उकडीत जोर लावून मळायचं. गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी धरते. आजही जुन्या ज्वारीला हीच युक्ती चालते.

खानदेशात कळण्याची भाकरी करतात, तिच्यात हेच काम उडीद करतो. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि थोडं मीठ घालून दळायचं. उडदाचा चिकटपणा भाकरीला बांधून ठेवतो, शिवाय ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी पडतो, तो उडदातून मिळतो.

पण धान्यच मोजकं असेल तर भाकरी परवडत नाही. एक वाटी ज्वारीच्या होऊन होऊन दोन भाकऱ्या होणार आणि खाणारी तोंडं सहा. मग त्याच ज्वारीच्या कण्या व्हायच्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून कांडायचं, कोंडा पाखडायचा आणि जात्यावर भरड काढायची. ही भरड दोन-तीन तास भिजवून, एक वाटीला चार वाट्या पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवली की पातेलंभर होते. ताक असलं तर ताकाबरोबर, नसलं तर मिरचीबरोबर. आंबिलीचंही तेच. अर्धी वाटी पीठ रात्री वाटीभर ताकात किंवा पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी चार वाट्या उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, वरून मीठ आणि ठेचलेला लसूण. रात्रभर आंबल्यामुळे ती पचायला हलकी होते आणि धान्यातलं लोहही शरीराला जास्त मिळतं.

यात एक गोम आहे. पाण्यानं पातेलं भरतं, पोटही भरल्यासारखं वाटतं, पण आत धान्य तेवढंच असतं. दिवसभर खडी फोडणाऱ्या अंगाला ते पुरत नाही. त्यात घरातली बाई शेवटी जेवणार ही रीत. म्हणजे ऐनवेळी चार माणसं वाढली की पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी, आणि सगळ्यात पातळ वाढप तिच्याच वाट्याला.

म्हणूनच हुलग्याचं मोल मोठं. हुलगा, म्हणजे कोकणातला कुळीथ, कमी पावसात आणि हलक्या रानात येतो. घोड्याचा खुराक म्हणून लोक त्याला नावं ठेवायचे, पण शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. त्याचं माडगं करायला तेलही लागत नाही. हुलगे खमंग भाजून दळायचे. चार चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं आणि तीन वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं. लसूण-मिरचीचा ठेचा आणि मीठ घालून दहा मिनिटं उकळायचं. आजाऱ्याला द्यायचं असेल तर मिरचीऐवजी गूळ.

भाजीचं म्हणाल तर तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा या रानभाज्यांची नावं घेतली जातात, पण त्या उगवायलाही ओल लागते. भर उन्हाळ्यात कामी यायचा तो आधीच्या सुगीत वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला. मूठभर पाला, मूठभर कण्या आणि मिरची एकत्र शिजवली की कोरड्यास तयार.

मात्र दुष्काळातलं सगळंच खाणं गुणकारी होतं, असं समजू नये. पूर्व विदर्भात आणि मध्य भारतात पिकणारी लाख किंवा लाखोळी डाळ पाण्याशिवायही तग धरते. बाकी पिकं जातात तेव्हा हीच उरते आणि धोका तिथेच आहे. जेवणात थोडी असेल तर सहसा बाधत नाही, पण महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली तर तिच्यातल्या विषारी घटकामुळे पायांना कायमचा लुळेपणा येऊ शकतो. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की विष बरंचसं कमी होतं, पण पाणी फेकायचं तर आधी ते हवं.

आज हायवेवरच्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचे शेंगोळे 'गावरान' म्हणून मिळतात. नातवंडं हौसेनं मागवतात. तांबड्या मिलोची भाकरी मात्र कुठल्याच मेनूकार्डावर नाही. ती खाल्लेल्यांपैकी अनेकांनी घरात तिची कृतीसुद्धा कुणाला सांगितली नाही. त्या पिढीला गोड आठवण विचारलीच, तर सांगतात ती दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीची. भाजलेल्या पिठाचा तो गोडसर, कोरडा खाऊ आईबाप पदराच्या किंवा धोतराच्या टोकाला बांधून घरी आणायचे आणि पोरं संध्याकाळी वाटेवर येऊन उभी राहायची.